पंधरा व्होल्ट एसी अडॅप्टर: लातुरात शोधला, नाही मिळाला, शेवटी भरून घेतला

हेडफोनचा जुना ॲम्प घेतला, तो पुण्याहून कुरियरनं आला, डबा उघडला तर आत ॲम्प आहे, बबल रॅप आहे, अडॅप्टरच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो माझा जळाला म्हणून तर एवढ्या स्वस्तात दिला ना, अडॅप्टर काय कुठंबी मिळतो. पुण्यात बसून बोलायला काय जातंय. मी लातूरचा, मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहितो, दिवसभर तूर-सोयाबीनच्या पट्ट्या, हमालांचा आवाज, ट्रकचे हॉर्न, आणि रात्री साडेदहानंतर पोरं झोपली की दोन तास माझे. त्या दोन तासांसाठी बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हेडफोन घेतला होता, २५० ओहमचा, मोबाईलवर तो धड वाजत नाही म्हणून हा ॲम्प. आणि आता अडॅप्टरसाठी दोन महिने वणवण. त्या वणवणीचाच हा रिव्ह्यू समजा, आवाजाबद्दल फार काही लिहिणार नाही.

ॲम्प म्हणजे ओटू, पूर्ण नाव ऑब्जेक्टिव्ह टू. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय अशा टोपणनावानं लिहिणाऱ्या एका माणसानं ह्याचं डिझाईन सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं आणि पुढच्याच वर्षी गडी गायब झाला तो झालाच. ह्या ॲम्पची गंमत अशी की ह्याला डीसी नाही, एसी अडॅप्टर लागतो. म्हणजे भिंतीतल्या अडॅप्टरमध्ये फक्त एक ट्रान्सफॉर्मर, २३० चे १४ ते २० च्या मधले व्होल्ट करणारा, एसीचं डीसी करणारे डायोड बियोड काही नाही. ॲम्पच्या आत त्या एसीच्या लाटेची अर्धी बाजू प्लसला जाते, उरलेली अर्धी मायनसला, मग ७८१२ आणि ७९१२ असे दोन रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारे भाग, आणि तयार झाले प्लस-मायनस १२ व्होल्ट. डोकं लावलंय त्यात. घरी बसून कुणी पोरगं हा ॲम्प सोल्डर करत असेल तरी २३० व्होल्ट त्याच्या डब्यात येतच नाहीत, जे काय धोक्याचं आहे ते भिंतीवरच्या डबीत बंद. म्हणजे सगळा भरवसा त्या डबीवर. आणि तीच माझ्याकडं नव्हती.

गंजगोलाईला सोळा रस्ते आहेत, त्यातल्या निदान पाच रस्त्यांवर मी "एसी अडॅप्टर आहे का, १५ व्होल्ट एसी" म्हणून फिरलो. प्रत्येक ठिकाणी तेच. "अडॅप्टर डीसीच असतो मालक." म्हणलं एसी पण असतो. "एसीचा अडॅप्टर? एसीला स्टॅबिलायझर लागतो, आहे माझ्याकडं." एकानं तर वायरमनला बोलवून मला समजावायला लावलं. शेवटी एका दुकानदारानं कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर हातात ठेवला, १८० रुपये, "लावून बघा, नाही चाललं तर आणून द्या." लावला. ॲम्प गपगार, हूं नाही की चूं नाही. डीसी दिला की एकच बाजू भरते, दुसरी उपाशी, आणि ह्या ॲम्पच्या आतलं सर्किट अशा वेळी दोन्ही बाजू बंद ठेवतं म्हणजे हेडफोनमध्ये उलटसुलट डीसी जात नाही. डिझाईनवाल्याचे पाय धरावे वाटले, कारण दुसरा एखादा साधा ॲम्प असता तर १८० रुपयाच्या चुकीत १५ हजाराचा हेडफोन गेला असता.

परत करायला जायच्या आधी वजन बघून शंका आली. २ अँपिअरचा म्हणे आणि रिकाम्या काडेपेटीएवढा हलका. उघडला. (कुणी उघडायलंच तर प्लगमधून काढून दहा मिनिटं थांबा, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात, मी एकदा लहानपणी टीव्हीच्या बाबतीत हा धडा घेतलेला आहे.) आत फ्यूज नाही. फ्यूजच्या जागी साधी तार. २३० ची बाजू आणि १२ ची बाजू ह्यांच्यामध्ये बोर्डवर मोकळी जागा पाहिजे, चांगल्या अडॅप्टरमध्ये ती सहा-सात मिलिमीटर दिसते, काही तर मध्ये बोर्डला चीर पाडतात. ह्याच्यात दोन ट्रॅक एकमेकाला खेटून, दोन मिलिमीटर पण नाही. आणि ह्या दोन बाजूंना जोडणारा जो छोटा कॅपॅसिटर असतो, ज्याला वाय कॅपॅसिटर म्हणतात, तो चांगल्यात निळी चकती असते, वर वाय१ लिहिलेलं आणि चार देशांचे शिक्के. ह्याच्यात कुठलातरी साधा तपकिरी.

हा कॅपॅसिटर काय करतो ते जरा सविस्तर सांगतो कारण हेडफोनवाल्यांचा जीव ह्याच्यावर आहे आणि कोणी बोलत नाही. अडॅप्टर लावून ॲम्पच्या लोखंडी डब्यावर बोट हळूच फिरवलं की मुंग्यासारखं वाटतं ना, बारीक खरखर, ती ह्याच्यामुळं. मीटर लावला तर डबा आणि अर्थिंगमध्ये ९०-१०० व्होल्ट दाखवतो, माणूस घाबरतो. पण चांगल्या कंपनीच्या टू-पिन चार्जरमध्येही एवढेच दाखवतो, करंट अगदी किरकोळ असतो, पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा नियम आहे. म्हणजे मुंग्या आल्या म्हणून अडॅप्टर वाईट असं नाही. खरी भानगड अशी की वाय१ कॅपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट होणार नाही अशा पद्धतीनं बनवतात आणि साधा तपकिरी कॅपॅसिटर बिघडला की शॉर्ट होऊ शकतो. शॉर्ट झाला की २३० सरळ १२ च्या बाजूला, तिथून ॲम्पच्या ग्राउंडला, तिथून हेडफोनच्या पिनला, केबलला. मोबाईल चार्जरला शॉक असला तर हात झटकता येतो, हेडफोन डोक्यावर बांधलेला असतो, कान घामेजलेले, आणि आमच्याकडं खाली शहाबादी फरशी, पावसाळ्यात ती ओल धरते, मी अनवाणी. हे सगळं जुळून आलं तर रिव्ह्यू लिहायला माणूस राहत नाही. तो अडॅप्टर मी परत केला नाही, वायर कापून फेकून दिला, नाहीतर दुकानदारानं दुसऱ्याला दिला असता. १८० रुपये गेले.

दुसरा प्रयत्न मामेभावाचा. तो अमेरिकेत असतो, दिवाळीला येणार होता, त्याला सांगितलं तिकडं असले एसी अडॅप्टर ढिगानं मिळतात, एक आण. बिचाऱ्यानं आणला, भारी, जड, काळाभोर, १६ व्होल्ट एसी. "दादा, पिन बदलायचा कन्व्हर्टर पण आणलाय, लाव लगेच." सवयीनं आधी लेबल वाचलं. इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नुसतं १२०. तो म्हणला मोबाईलचा चार्जर चालतो की दोन्हीकडं. अरे बाबा मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, तो स्विचिंगवाला आहे, तो स्वतःला जुळवून घेतो, हा नुसता लोखंड आणि तांबं आहे, ह्याला १२० सांगितलं म्हणजे १२०. २३० दिले की पलीकडून १६ च्या जागी तीस व्होल्ट निघणार तेही काही सेकंदच, कारण तोवर लोखंडी गाभ्याची क्षमता संपून (सॅच्युरेट होऊन) प्रायमरीतून, म्हणजे लाईनकडच्या वाइंडिंगमधून, वाटेल तेवढा करंट जाऊन धूर. पिन बदलणारा कन्व्हर्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, हे लिहून देव्हाऱ्यात लावावं असं आहे. भाऊ नाराज झाला. अडॅप्टर कपाटावर आहे, त्याच्यावर स्केच पेननं "लावू नये" लिहून ठेवलंय.

ऑनलाईन बघितले तर जे होते ते एकतर हेच १२० वाले, नाहीतर २३० चे पण अडॅप्टरपेक्षा कस्टम आणि पाठवणी महाग. मग एक दिवस आडतीवर एक शेतकरी बोअरची जळालेली मोटार घेऊन आला, माल टाकून मोटार भरायला द्यायची होती त्याला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या मराठवाड्यात अडॅप्टरचं दुकान मिळणार नाही पण मोटार भरून देणारा प्रत्येक तालुक्याला दहा आहेत. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तरी काय, वाइंडिंगच की.

मोटार भरणाऱ्या ज्या मामांकडं गेलो त्यांचं दुकान म्हणजे एक शटर, दारात सबमर्सिबलचे पाईपासारखे स्टेटर, आत एक वाइंडिंग मशीन आणि वार्निशचा वास. आधी हसले. "सर, एवढासा? ह्याच्यापेक्षा मोठा तर माझ्या डोअरबेलमध्ये आहे." पण माणूस पक्का. मी सांगितलं शून्य-१५ व्होल्ट, १ अँपिअर, तांब्याचं पाहिजे, अॅल्युमिनियम नको, आणि प्रायमरी-सेकंडरी एकावर एक नको, दोन कप्प्यांचं बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ) घ्या. ह्या शेवटच्या वाक्यावर त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडं. दोन कप्प्यांचं बॉबिन म्हणजे २३० ची तार एका खणात, १५ ची दुसऱ्या खणात, मध्ये प्लास्टिकची भिंत. वाइंडिंग जळालं, वितळलं तरी दोन तारा एकमेकीला भेटत नाहीत. एकावर एक गुंडाळलेल्यात मध्ये फक्त कागद असतो आणि तो कागद किती घातला हे देवाला आणि वाइंडरला माहीत.

१५ च का, १२ किंवा १८ का नाही, ह्यावर मी एक आख्खी रात्र हिशेब केला, आडतीवरची सवय. आमच्याकडं व्होल्टेज म्हणजे नाटक. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी-कूलर चालू असताना १९० ला येतं आणि रात्री एक वाजता सगळं बंद झालं की अडीचशेच्या वर. एसीचं डीसी करताना १.४१ नं गुणायचं आणि डायोडचा एखादा व्होल्ट सोडायचा. ७८१२ ला आत निदान साडेचौदा लागतात आणि पस्तीसच्या वर दिले तर तो मरतो. १२ व्होल्टचा घेतला आणि लाईन १९० ला आली तर १२ चे होतात दहाच्या आत, म्हणजे डीसी तेरा, रेग्युलेटर उपाशी आणि कानात घूंऽऽ. १८ चा घेतला तर छोटा ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना तसाही पंचवीस टक्के जास्त देतो, वरून रात्रीचे २५८, म्हणजे जवळपास २५ एसी, म्हणजे ३४-३५ डीसी, थेट उंबऱ्यावर. १५ मध्ये दोन्ही टोकं सांभाळली जातात. पुण्या-मुंबईत १८ चालतही असेल, इथं १५.

नऊ दिवस लागले. "उद्या या सर" असं चार वेळा ऐकलं, मध्ये रब्बीच्या मोटारींची गर्दी होती, समजू शकतो. पण दिला तेव्हा समोर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावून दाखवला. हे मला सगळ्यात आवडलं. मोटारवाल्यांकडं ५०० व्होल्टचा मेगर असतोच, प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये लावला, काटा सरळ अनंताला, म्हणजे गळती नाही. प्रायमरी आणि लोखंडात लावला, तिथंही अनंत. अडॅप्टर विकणाऱ्या कुठल्या दुकानात असं तपासून देतात सांगा. ट्रान्सफॉर्मरचे ६५० रुपये, पक्कं बिल नाही, वहीच्या कागदावर सही, वॉरंटी म्हणजे "काही झालं तर आणा, मी कुठं जातोय."

डबा मी स्वतः केला. जुन्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा खोका, थ्री-पिन वायर, पत्र्याला आणि गाभ्याला अर्थिंग, वायर आत जाते तिथं रबरी ग्रोमेट आणि आतून क्लॅम्प, म्हणजे ओढली तरी सुटणार नाही. फ्यूजचं थोडं सांगतो. १५ व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर २३० वर ६५ मिलिअँपिअर घेतो, दुकानदार हमखास १ अँपिअरचा फ्यूज देतो, तो म्हणजे फ्यूज न लावल्यासारखाच, ट्रान्सफॉर्मर लाल होईस्तोवर तो उडणार नाही. मी १६० मिलिचा स्लो ब्लो ऑनलाईन मागवला (साधा लावला तर बटन दाबताच उडतो, सुरुवातीचा झटका मोठा असतो), तो फेजच्या तारेत, न्यूट्रलच्या नाही. पण छोट्या ट्रान्सफॉर्मरची खोड अशी की सेकंडरीला शॉर्ट झालं तरी प्रायमरीचा करंट कधीकधी फ्यूज उडण्याएवढा वाढत नाही, नुसता तापत राहतो. म्हणून मामांकडून वाइंडिंगच्या आतच एक थर्मल फ्यूज घालून घेतला, ११५ डिग्रीचा, दहा-पंधरा रुपयाचा, उडाला की उडाला, परत जुळत नाही. आणि १५ च्या बाजूला १ अँपिअरचा. फ्यूजच्या पुढं एक एमओव्ही, लाईनवर जादा व्होल्ट आले की ते स्वतःवर घेणारा, ४७१ नंबरचा, निळी चकती.

ह्या एमओव्हीनं मे महिन्यात पैसे वसूल करून दिले. अवकाळीचं वारं सुटलं, खांबावर कुठंतरी न्यूट्रल तुटला, गल्लीत काही घरात बल्ब एकदम सूर्यासारखे, काही घरात मेणबत्तीसारखे. शेजाऱ्यांचा टीव्ही गेला, आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर गेला. माझ्या डब्यात एमओव्ही फुटून काळा पडला आणि फ्यूज उडाला, बाकी ट्रान्सफॉर्मर तसाच, ॲम्प तसाच. खर्च पंधरा-वीस रुपये. तेव्हापासून आभाळ गडगडलं की प्लगच काढून ठेवतो, एमओव्ही म्हणजे काही गोवर्धन नाही.

अर्थिंगचं मात्र माझ्याच घरात उघडं पडलं. थ्री-पिन वायर लावली खरी पण बोर्डात मीटर लावला तर फेज-अर्थ ७० व्होल्ट. म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेला. आणलेला वायरमन अंगणात गेला, अर्थिंगच्या खड्ड्याकडं बघितलं, काळी माती भेगाळलेली, "ह्याला पाणी कधी घातलंत?" आम्ही बाथरूमला पाणी पुरवून वापरायलोय आणि हा खड्ड्याला मागायलाय. पण खरंय ते. मीठ-कोळशाचा खड्डा वाळला की अर्थिंग गेलीच. तार पण गंजून तुटलेली होती. नवी पट्टी, दोन बादल्या पाणी, आता फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दीड-दोन व्होल्ट. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवला, तो ॲम्पसाठी म्हणून नाही, गिझर-मोटार-कूलर सगळ्यासाठी. ह्या ॲम्पच्या नादात घराची अर्थिंग झाली हे बायको आता सगळ्यांना सांगते, अडॅप्टरवर किती गेले ते सोडून.

आता वापरून सहा महिने. आकडे: लाईन २३६ असताना मोकळा १८.९ देतो, ॲम्प जोडून १६.८. रात्री लाईन २५० च्या वर गेली तरी रेग्युलेटरच्या आत तीसच्या खालीच. हेडफोनच्या जॅकवर डीसी मोजला, दोन्हीकडं ३-४ मिलिव्होल्ट, २० च्या आत असला तर निवांत. चार तास चालवून डब्यावर हात ठेवला तर कोमट, एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० ला असते तेव्हा जरा जास्त, पण हात ठेवता येतो. १५ व्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर ॲम्पचा खरा भार अगदी थोडा, म्हणून तापत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं लेबलावरच्या अँपिअरच्या निम्म्यावर चालवावं हे माझं मत, कारण ते लेबल लिहिणाऱ्यानं परभणीचा मे बघितलेला नसतो.

तक्रारी पण आहेत. डबा किलोभर आहे आणि दिसायला पिठाच्या गिरणीचा स्टार्टर. ॲम्पच्या शेजारी ठेवला की ह्याच्या चुंबकाचा बारीक घूं हेडफोनमध्ये येतो, दोन फूट लांब टेबलाखाली सरकवला की गायब. आणि सगळ्यात मोठी अडचण इन्व्हर्टर. लाईट गेली की आमचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू होतो आणि ट्रान्सफॉर्मर भुंगा पिसाळल्यासारखा, वरून हेडफोनमध्येही घूं. आधी वाटलं बिघडला. मग समजलं, चौकोनी वेव्हला १.४१ चा फायदाच मिळत नाही, १५ चे १४ च होतात, रेग्युलेटर उपाशी. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्न नाही. मी लाईट गेली की ॲम्प त्याच्या आतल्या ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल सेलवर चालवतो, त्याला ती सोय आहेच. फक्त तिथं साधे न चार्ज होणारे सेल टाकून अडॅप्टर लावू नका, हा ॲम्प अडॅप्टरवर असताना सेलला चार्ज करत राहतो आणि साधा सेल चार्ज केला की फुगतो, गळतो.

आवाजात फरक? लोक विचारतात म्हणून सांगतो. काही नाही. व्होल्टेज पुरेसं असलं आणि घूं नसलं की रेग्युलेटरच्या पुढं ॲम्पला कळतच नाही मागं ६५० चा ट्रान्सफॉर्मर आहे का १५ हजाराचा लिनिअर सप्लाय. ज्यांना त्या १५ हजारात तबल्याचा बायां जास्त घुमलेला ऐकू येतो त्यांनी जरूर घ्यावा, माझ्याच्यानं झालं नाही.

आता बहुतेकांचा ॲम्प डीसीवर चालणारा असतो, त्यांनी माझ्यासारखा खटाटोप करायचं कारण नाही. बरोबर आलेला अडॅप्टर असेल तर तोच, हरवला असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का असलेला घ्या. शिक्का म्हणजे नुसतं आयएसआयसारखं चित्र नाही, खाली आर आणि पुढं आठ आकडी नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, येत नसेल किंवा दुसऱ्याच वस्तूचं येत असेल तर दुकानदाराला नमस्कार. व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नको. पिनची जाडी सारखी दिसली तरी आतलं भोक २.१ आणि २.५ असं वेगळं असतं, २.५ चा प्लग २.१ वर बसतो पण हलतो आणि मध्येच चालू-बंद होऊन कानात फट्कन आवाज. आणि मधलं टोक प्लस का मायनस ते चित्र बघा. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसिओचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आतून मायनस, बाहेरून प्लस, अगदी उलटा, आणि तो पिनमध्ये बसतो मात्र मस्त. एका पोरानं तो राउटरला लावला, राउटर गेला, त्या दिवशी ऑनलाईन क्लास बुडाला म्हणून पोरगं खूश.

आणखी एक, एकाच १२ व्होल्टच्या अडॅप्टरला एकाची दोन तोंडं करणारी वाय वायर लावून डॅक (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग करणारी डबी) आणि ॲम्प दोन्ही चालवायचा मोह होतो. काही छोट्या ॲम्पमध्ये ऑडिओचं ग्राउंड म्हणजे अडॅप्टरचा मायनस नसतो, मधलं बनवलेलं असतं, सहा व्होल्टवर. ऑडिओ केबल जोडली की ते सहा व्होल्ट सरळ शॉर्ट. प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर द्या, दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

किंमत एकंदर: ट्रान्सफॉर्मर ६५०, फ्यूज-एमओव्ही-वायर-ग्रोमेट मिळून ३०० च्या आसपास, खोका भंगारातून, १८० वाया गेलेले वेगळे. पाचपैकी चार स्टार देतो, एक कापला तो नऊ दिवसांसाठी आणि बिल न देण्यासाठी. ज्याला मीटर धरता येत नाही किंवा २३० ला हात लावायची भीती वाटते त्यानं हे करू नये, ती भीती बरोबर आहे, ह्या डब्यावर कुठलाही सरकारी शिक्का नाही, फक्त मामांचा मेगर आणि माझा हिशेब आहे. नांदेडच्या एका मित्रानं बघून त्याच्या ॲम्पसाठी तसलाच सांगितलाय. मामांना परवा ऑर्डर देऊन आलो. "उद्या या सर" म्हणालेत.